‘कोर्स’ म्हणजे खडबडीत? वाळूपासून कर्दळीच्या पानापर्यंत एकच विशेषण

पागोळी:
बागकामावरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करतेय. निम्मं काम झालंय, पण एका विशेषणापाशी गाडी अडली आहे. शब्द आहे ‘कोर्स’. अभ्यासक्रमाचा कोर्स नव्हे. उच्चार तोच, पण स्पेलिंग सी-ओ-ए-आर-एस-ई.

कोशात एका ओळीत अर्थ दिलेत: खडबडीत, खरखरीत, जाडाभरडा, असभ्य. मी पहिला उचलला आणि ‘कोर्स सँड’ला ‘खडबडीत वाळू’ लिहून मोकळी झाले. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्यावर पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, ‘रस्ता खडबडीत असतो. वाळू कशी असेल?’ वाचल्यावर पटलंच. मग वाटलं, ‘रफ’ला खडबडीत ठेवावं आणि ‘कोर्स’ला खरखरीत म्हणावं. तेही टिकेना. कारण पुस्तिकेत हेच विशेषण वाळूला लावलंय, जमिनीला लावलंय, चाळणीवर उरलेल्या कंपोस्टला लावलंय, आणि पुढे एका प्रकरणात चक्क पानांना लावलंय. ‘कोर्स टेक्श्चर’ असलेलं झाड म्हणून उदाहरण कर्दळीचं दिलंय. दारातल्या कर्दळीच्या पानावरून आत्ताच हात फिरवून आले. गुळगुळीत आहे! पाणीसुद्धा ठरत नाही त्यावर. त्याला खरखरीत कुठल्या तोंडाने म्हणू?

रफ आणि कोर्स यांत नेमका फरक काय, आणि मराठीत एकच शब्द धरून चालता येईल का, की जागा पाहून बदलावा लागेल? मुदत या आठवड्याअखेरची आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

शब्दओंजळ:
शब्दाच्या घराण्याकडे पाहिलं तर थोडा उलगडा होतो. अभ्यासक्रमाचा कोर्स आणि हा कोर्स ही मुळात एकाच घरातली भावंडं असावीत, असं कोशकार मानतात. ‘नेहमीच्या ओघातलं, चालू, साधारण’ असा त्याचा जुना अर्थ. जुन्या लिखाणात दोघांचं स्पेलिंगही एकच सापडतं, हा ‘ए’ मागाहून आला. चालू प्रतीचं कापड म्हणजे जाड सुताचं कापड, म्हणून ‘साधारण’चं ‘जाडंभरडं’ झालं. आणि ज्याच्यावर संस्कार नाहीत ते बोलणंही त्याच वाटेने ‘कोर्स’ ठरलं.

हा जुना अर्थ अजून एका ठिकाणी जिवंत आहे. ब्रिटनमध्ये गळाने मासे धरणारे लोक सामन आणि ट्राउट हे मानाचे मासे सोडून गोड्या पाण्यातल्या बाकीच्या माशांना ‘कोर्स फिश’ म्हणतात. तिथे माशाच्या अंगाचा काही संबंध नाही. चार मासे जसे असतात तसे हे, एवढंच.

एक सावधगिरीची सूचना. ‘कोर्स लँग्वेज’ला बरेच जण ‘रांगडी भाषा’ लिहितात. ते चूक आहे. रांगड्या भाषेत जिव्हाळा असू शकतो, ऐकणाऱ्याला ती आवडूही शकते. इंग्रजीत कोर्स म्हटलं की नापसंती आलीच. तिथे शिवराळ, असभ्य, विनोद असेल तर अचकटविचकट असं काही हवं. आपल्याकडे ‘राठ’ हा शब्द मात्र दोन्हीकडे चालतो, केस राठ आणि स्वभावही राठ. इतका जवळचा शब्द असून अनुवादात तो फारसा दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

काळी आई:
पागोळीताई, मी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत 24 वर्षं काढली. या एका विशेषणाने आमच्याकडे किती घोळ घातलेत ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी एक खूणगाठ बांधा. इंग्रजी विशेषण कळत नसेल तर त्याचं विरुद्ध टोक शोधायचं. रफच्या विरुद्ध स्मूद, म्हणजे गुळगुळीत. कोर्सच्या विरुद्ध फाइन, म्हणजे बारीक. झाला की निकाल! रफ हे पृष्ठभागाचं वर्णन आहे, वरून हात फिरवला तर कसं लागतं त्याचं. कोर्स हे घटकाच्या आकाराचं वर्णन आहे. वस्तू ज्या कणांची, धाग्यांची किंवा तुकड्यांची बनलीय ते कण मोठे, धागे जाड, तुकडे ढोबळ असतील तर ती वस्तू कोर्स. हाताला ती टोचेल किंवा टोचणार नाही. तो पुढचा प्रश्न.

मातीत हे फार स्वच्छ दिसतं. चिकणमातीचं वाळलेलं ढेकूळ हातात घेऊन बघा. दगडासारखं कडक असतं, कडा बोचतात, तळव्यावरून घासलं तर चांगला ओरखडा उठतो. रफ म्हणजे किती रफ! पण आमच्या वहीत त्याची नोंद ‘फाइन टेक्श्चर’. कारण ते ज्या कणांचं बनलंय ते 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. तेच ढेकूळ भिजवून बोटांत मळलं की लोण्यासारखं होतं. उलट कोरडी जाड वाळू ताटात ओतून वरून सपाट केली तर नजरेला कशी सारखी दिसते, एक उंचवटा नाही. ती मात्र कोर्स. आपण मातीचा ‘पोत’ म्हणतो तो हाच. पोत म्हणजे वरवरचा स्पर्श नव्हे. वाळू, गाळ आणि चिकण यांचं प्रमाण म्हणजे पोत. म्हणून ‘कोर्स टेक्श्चर्ड सॉइल’ला ‘खडबडीत जमीन’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दगडधोंड्यांचा माळ येतो, आणि मूळ लेखकाला तर वाळूचं प्रमाण जास्त असलेली, पाणी पटकन खाली सोडणारी जमीन म्हणायची आहे. ‘जाड पोताची जमीन’ किंवा सरळ ‘वाळूसर जमीन’ लिहा.

आता वाळू. मोजमापात ‘कोर्स सँड’ म्हणजे 0.5 ते 1 मिलिमीटर कणांची वाळू. भूगर्भशास्त्रात 1922 सालापासून वेंटवर्थची मोजपट्टी चालते तिच्यात हाच आकडा आहे, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वर्गीकरणातही हाच. त्या वर्गीकरणात ‘फाइन सँड’ 0.1 ते 0.25 मिलिमीटरची. तुम्ही म्हणाल, अनुवादाला एवढे आकडे कशाला? तर ऐका.

एकदा एक गृहस्थ पिशवीत माती घेऊन आले. रोपं लावायच्या कुंड्यांसाठी त्यांनी मिश्रण केलं होतं, आणि एकूण एक रोप मानेपाशी कुजून आडवं झालं होतं. हातात एक मराठी माहितीपत्रक होतं. कुणी छापलं ते महत्त्वाचं नाही. त्यात लिहिलं होतं, ‘मिश्रणात खडबडीत वाळू घालावी’. गृहस्थ नेकीने वागले होते. वाळू विकत आणताना त्यांनी चिमूट घेतली, अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळली, खरखरीत लागली, म्हणजे हीच ती, म्हणून आणली. अहो, बारीक वाळूसुद्धा बोटांना खरखरीतच लागते! ती सगळी वाळूची जातच आहे. उरलेली वाळू ते सोबत घेऊन आले होते. मी ती 0.5 मिलिमीटरच्या चाळणीवर टाकून हलवली. चाळणीवर चमचाभरसुद्धा राहिली नाही, सगळी खाली. त्या बारीक वाळूने मातीतल्या मोकळ्या जागा बुजवून टाकल्या, पाणी खाली उतरायचं बंद झालं, मुळांना हवा मिळेना. वाळू घालायची ती निचऱ्यासाठी, आणि झालं बरोबर उलट. माहितीपत्रकात ‘जाड वाळू’ हे दोन शब्द असते तर त्या माणसाने बोटाने चोळून पाहण्याऐवजी डोळ्याने दाणे पाहिले असते. चाळणी त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून मी ‘खडबडीत’ दिसलं की थांबते.

बोटांना जे जाणवतं त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, ‘ग्रिटी’. ओली माती बोटांत चोळताना जी कचकच लागते ती. शेतावर उपकरणं नसतात तेव्हा आम्ही पोत असाच ओळखतो. मूठभर माती भिजवायची, कणकेसारखी मळायची, आणि अंगठ्याने तर्जनीवरून पुढे ढकलत तिची पट्टी काढायची. पट्टी धरतच नाही आणि कचकच लागते, तर वाळू जास्त. पिठासारखी मऊ लागते, तर गाळ जास्त. बोटांना चिकटून पट्टी 5 सेंटिमीटरच्या पुढे न तुटता जाते, तर चिकण. यात ग्रिटी, मऊ, चिकट हे बोटांचे अनुभव, आणि कोर्स-फाइन हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. दोन्ही मराठीत ‘खरखरीत’ झाले की वाक्यच लंगडं होतं.

हाच धागा सूक्ष्मदर्शकापर्यंत जातो. त्याला दोन फिरक्या असतात, ‘कोर्स’ आणि ‘फाइन’. मोठी फिरवली की नळी किंवा खालची पट्टी भराभर सरकते, लहान फिरवली की केसभर. आता यात स्पर्श कुठे आला? नाहीच. इथे हालचालीचा टप्पा मोठा की लहान, एवढंच सांगायचंय. म्हणजे हात लावायला काही नसलं तरी हे विशेषण चालतं, फक्त लहान-मोठे घटक असले पाहिजेत.

तुमच्या कंपोस्टला ‘भरड’ म्हणा. चाळणीवर उरतं त्याला आपण भरडच म्हणतो, तिथे दुसरा शब्द शोधूच नका.

उभाआडवा:
काळी आईंचं म्हणणं मातीपुरतं शंभर टक्के मान्य, पण खरखरीत हा अर्थ कोशातून हद्दपार करू नका. मी कापडात वाढलोय. आमच्याकडे ‘कोर्स वूल’ म्हणतात तेव्हा ते टोचणारच असतं. लोकरीचा धागा जाड असला की त्याचं टोक कातडीवर टेकल्यावर वाकत नाही, सरळ टोचतं. मेरिनो मेंढीची लोकर साधारण 24 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतली, तिचं टोक वाकतं म्हणून ती मऊ लागते. म्हणजे जाडी हे कारण आणि खरखर हा परिणाम, दोन्ही एकाच वेळी हजर. बोलणारा कधी कारणावर बोट ठेवतो, कधी परिणामावर. कथेत एखाद्याच्या अंगावर ‘कोर्स ब्लँकेट’ असेल आणि मी तिथे ‘जाड धाग्यांचं पांघरूण’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला ऊब जाणवेल. लेखकाला तर टोचणं जाणवून द्यायचं होतं! तिथे खरखरीत, राठ हेच हवेत.

मात्र उलटं उदाहरणही आमच्याच धंद्यात आहे. सुताचा नंबर ऐकला असेल. 1 पौंड सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका नंबर. म्हणून 20 नंबरचं सूत जाड आणि 100 नंबरचं तलम. नंबर खाली तर ‘कोर्स काउंट’. आता अंग पुसायचा टॉवेल हातात घ्या. त्याचे वेढे जाड सुताचे असतात, पण पीळ कमी ठेवलेला असतो, त्यामुळे गालाला लावला तर मऊ. सूत कोर्स, स्पर्श मऊ, आणि कुणालाच त्यात विसंगती वाटत नाही. कापडात फाइनला आपल्याकडे ‘तलम’ हा केवढा सुंदर शब्द आहे! त्याच्या विरुद्ध बाजूला ‘जाडंभरडं’.

रंधा:
मी सुतारकाम करतो, इंग्रजी बेताचं. पण हा शब्द रोज वापरतो त्यामुळे राहवलं नाही.

पॉलिश पेपरच्या मागे नंबर छापलेला असतो. पी 80 म्हणजे दाणा सरासरी 0.2 मिलिमीटर, पी 240 म्हणजे जेमतेम 0.06. उभाआडवांच्या सुतासारखंच आहे, नंबर चढला की दाणा बारीक. आम्ही 80 ला ‘जाडा पेपर’ म्हणतो. नवीन पोरगा कामाला लागतो तेव्हा त्याला वाटतं जाडा पेपर म्हणजे कागद जाड. तसं नाही, दाणा जाड. पेपर कोर्स असतो आणि तो घासल्यावर लाकूड रफ राहतं, चरे दिसतात. मग 120, मग 180, मग 240 असं चढत जायचं. मधला टप्पा गाळला की 80 चे चरे पॉलिश मारल्यावर उठून दिसतात, ते त्याआधी डोळ्याला दिसत नाहीत, नखाला लागतात. रफ आणि कोर्स एकाच फळीवर शेजारी शेजारी पाहायचे असतील तर यापेक्षा सोपी जागा नाही. कोर्स माझ्या हातातला पेपर, रफ समोरची फळी.

बोल्टातही तेच. 10 मिलिमीटरच्या बोल्टाला कोर्स आटे असतील तर दोन आट्यांमधलं अंतर 1.5 मिलिमीटर, फाइन असतील तर 1.25 वगैरे. दोन्ही आटे तितकेच गुळगुळीत कापलेले असतात. बोल्ट कोर्स आहे म्हणजे खराब किंवा ओबडधोबड आहे असं मुळीच नाही. दुकानात हे नीट सांगितलं नाही तर नट दोन वेढे जातो आणि तिथेच आवळतो. जोर लावला की आटे गेलेच.

पागोळी:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काळी आई, तुमच्या त्या गृहस्थांची गोष्ट वाचल्यावर मी आधी फाइल उघडली आणि ‘खडबडीत’ शोधून काढलं. अकरा ठिकाणी होतं. त्यांतली तीन जागा खरोखर ‘रफ’च्या होत्या: झाडाची साल, कुंडीची बाहेरची बाजू आणि पायवाट. ती तशीच ठेवलीत. बाकीच्या आठांत आता जाड वाळू, वाळूसर जमीन, भरड कंपोस्ट. एके ठिकाणी ‘कोर्सली चॉप्ड’ वाळलेली पानं होती, तिथे मी ‘खडबडीत चिरलेली’ लिहून बसले होते! ‘मोठे मोठे तुकडे करून’ केलं. वाळूच्या पहिल्या उल्लेखापाशी ‘दाणे 0.5 ते 1 मिलिमीटरचे’ ही माहितीही घालायची परवानगी मागितली आहे.

पण कर्दळ अजून बाकी आहे. वाक्य असं आहे: कर्दळीसारखी ‘कोर्स’ झाडं मागे लावली तर बाग लहान वाटते, नेच्यासारखी ‘फाइन’ झाडं मागे लावली तर ती लांब वाटते. काळी आईंच्या नियमाने पाहिलं तर इथे घटक म्हणजे पान. पान मोठं म्हणून झाड कोर्स. अर्थ कळला. ‘मोठ्या पानांची झाडं’ लिहून टाकू?

काळी आई:
अर्थ बरोबर पकडलात. बागेची आखणी करणारे लोक झाडाला हात लावून नव्हे, लांबून पाहून पोत ठरवतात. मोठी पानं, जाड फांद्या, पानांमधल्या सावल्या ठळक, तर ते झाड कोर्स. नेच्याची पानं चिरत चिरत बारीक झालेली असतात, लांबून नुसतं धुकं दिसतं, म्हणून ते फाइन. मोठं रूप डोळ्याला जवळ ओढतं, बारीक रूप मागे सरकतं. त्यामुळेच ते अंतराचं गणित जमतं.

‘मोठ्या पानांची’ हे चुकीचं नाही, पण अपुरं वाटतं. पान मोठं असून विरळ, पातळ असलं तर तो परिणाम होत नाही. आणि ‘जाड पोताची’ लिहिलंत तर वाचणारा पान चिमटीत धरून जाडी बघेल. मला इथे नेमका शब्द सुचत नाहीये. शब्दओंजळ, तुम्ही बघा बरं.

शब्दओंजळ:
‘ठसठशीत’ कसा वाटतो? आपण अक्षर ठसठशीत म्हणतो, कुंकू ठसठशीत म्हणतो. लांबून नजरेत भरणारं, कडा स्पष्ट असलेलं, आकाराने भरदार, आणि स्पर्शाचा त्यात काहीच संबंध नाही. समोर फाइनला ‘नाजूक’ ठेवता येईल, किंवा नेच्यापुरतं ‘झिरझिरीत’.

पागोळी:
ठसठशीत! कर्दळीकडे पुन्हा जाऊन पाहिलं, या वेळी हात न लावता, फाटकापासून. अगदी तस्संच दिसतंय. वाक्य असं झालं: ‘कर्दळीसारखी ठसठशीत झाडं मागच्या कडेला लावली तर बाग आटोपशीर दिसते. नेच्यासारखी झिरझिरीत झाडं मागच्या कडेला लावली तर तीच बाग लांबवर पसरल्यासारखी वाटते.’ तपासणाऱ्या बाईंकडे आत्ताच पाठवलं.